पैशांचा पाऊस आणि तुंबाडचा हस्तर

आज खड्डे, कचरा, लाइटबिल यावर लिहीत नाही. आज सिनेमावर लिहितोय. पण शेवटपर्यंत वाचा, विषय भिवंडीचाच आहे.

'तुंबाड' बऱ्याच जणांनी पाहिलाय. २०१८ ला आला तेव्हा फारसा चालला नाही, २०२४ च्या सप्टेंबरात परत लागला तेव्हा पोरांनी गर्दी केली. सिनेमा हिंदी, पण मुळं आपली. कल्पनेचं बीज नारायण धारपांच्या कथेतलं, नाव श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत'वरून. गोष्ट थोडक्यात अशी. समृद्धीच्या देवीचा पहिला मुलगा हस्तर. त्याला आईचं सोनंही हवं आणि धान्यही. सोनं मिळालं, धान्याला हात घालायला गेला तर बाकीचे देव तुटून पडले. आईने त्याला वाचवलं, पण अट घातली की तुझी पूजा कधी होणार नाही. आता तो सोन्याच्या मोहरा भरलेला लंगोट नेसून उपाशी बसलाय. विनायकराव दोराने खाली उतरतो, कणकेची बाहुली पुढे टाकतो, हस्तर तिच्यावर झेपावला की लंगोटातून पडतील तेवढ्या मोहरा गोळा करून वर पळतो.

मला यातली एक गोष्ट फार खरी वाटते. हस्तरला तुमच्या चारित्र्याशी काही देणंघेणं नाही. श्रद्धा लागत नाही, मन शुद्ध लागत नाही. पिठाचं रिंगण नीट पडलं आणि हात चपळ असला की सोनं मिळतं. विनायकराव काही सज्जन नाही, तरी त्याला मिळतंच. प्रश्न फक्त किंमत काय मोजणार एवढाच. आणि शेवटी बाप लंगोट पुढे करतो तेव्हा पोरगा तो घेत नाही, कारण किंमत त्याच्या डोळ्यासमोर पडलेली असते.

आपण लहानपणापासून ऐकलेल्या गोष्टी वेगळ्या. १९९७ ला दूरदर्शनवर 'शक्तिमान' सुरू झाला तेव्हा आम्ही कॉलेजात, तरी टीव्हीसमोर. (गंगाधर पेपरचा फोटोग्राफर होता, त्यामुळे आम्हा पत्रकारांना जरा जास्तच जवळचा!) त्याची शक्ती योगसाधनेतून, कुंडलिनीतून आलेली. धारपांचे 'समर्थ' घ्या, अघोरी शक्तींनी गांजलेल्यांच्या मदतीला येणारे. दोन्हीकडे हिशेब एकच: शक्ती आहे म्हणजे माणूस चांगला, आणि मन मैलं झालं की शक्ती गेली. लहान मुलांसाठी हा हिशेब छान आहे. मोठ्यांसाठी मात्र धोक्याचा, कारण पैशांचा पाऊस पाडणारे बाबा नेमका हाच हिशेब मांडतात.

ओळखीतला एक लूमवाला. नाव, मोहल्ला लिहीत नाही. आठ लूम, मजुरीवर कापड विणतो. मंदीत दोन लूम बंद पडलेले, बीम येऊन पडली तरी पेमेंट तीन-तीन महिने लटकलेलं. कुणीतरी बाबाकडे नेलं. पहिल्या दिवशी बंद खोलीत वरून पाचशेच्या पाच नोटा पडल्या. खऱ्या नोटा, त्यातल्या दोन याने खर्चही केल्या. मग मोठ्या पूजेचं साहित्य, मग 'बीज' म्हणून रोकड, मग बायकोचे दागिने, सगळं लाल कपड्यात बांधून. अट एकच, मनात लोभ नको आणि शंका तर अजिबात नको. शंका आली की नोटांचा कागद होतो.

कपडा सोडला तेव्हा आत कागदच होता. बाबा गायब.

मी म्हटलं, तक्रार का नाही केली? तो म्हणाला, "काय सांगू दादा, त्या रात्री माझ्याच मनात शंका आली होती."

हे ऐकून मी गप्प बसलो. लुबाडलेला माणूस स्वतःलाच आरोपी करून बसलाय. हस्तर निदान असलं काही बोलत नाही. तो खातो, झडप घालतो, पण तुझं मन मैलं म्हणून सोनं मिळालं नाही असं ऐकवत नाही.

लोक म्हणतील, हाव होती, भोगू दे. होती ना हाव, नाही कशाला म्हणू. पण दोन लूम चालू करायची हाव आणि ठरवून घरं धुवायचा धंदा हे एका मापाने मोजायचे का?

डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात खून झाला, त्यानंतर जादूटोणाविरोधी कायदा आला. त्यात तथाकथित चमत्कार दाखवून फसवणं, पैसे उकळणं हा गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं, दंड पाच ते पन्नास हजार. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. तुमच्या मनात शंका होती की नव्हती, हे कायदा विचारत नाही. तुम्हाला हाव होती का, हेही नाही.

हे सगळं त्याला वाचून दाखवलं. बायकोशी बोलून सांगतो म्हणालाय. पोलीस स्टेशनला जायचं ठरलं तर मी सोबत जाणार आहे. असा तो एकटाच नसणार. तुमच्या आळीत कुणी असेल तर इनबॉक्स करा. नाव छापणार नाही.