मांडीवरचा प्रवासी

तान्हे मूल कडेवर घेऊन विमानात शिरणे म्हणजे सोवळ्याच्या पंगतीत चपला घालून शिरण्यासारखे आहे. कोणी काही बोलत नाही. पण आधीच स्थानापन्न झालेली माणसे ज्या नजरेने पाहतात, ती नजर सगळे बोलून टाकते. 'देवा, ही मंडळी माझ्या शेजारी न येवोत!' असा मूक धावा रांगेरांगेतून ऐकू येतो. आपण पुढे सरकलो की मागे राहिलेल्यांचे चेहरे उजळतात आणि पुढच्यांचे काळवंडतात.

२०२४ च्या डिसेंबरात मुंबईहून कोचीला जाताना हा अनुभव मी घेतला. आम्ही पाच जण होतो. मी, लेक, जावई, साडेचार वर्षांचा नातू आणि आठ महिन्यांची नात. आसने मात्र चारच. दोन वर्षांखालच्या मुलाला विमानात वेगळे आसन घ्यावे लागत नाही. ते आईच्या मांडीवर बसते. थोडेसे भाडे तेवढे द्यावे लागते, आणि जन्माचा दाखला दाखवावा लागतो. विमानतळाच्या दारावरच्या जवानाने तो दाखला गंभीरपणे वाचला, मग झोळीतल्या नातीकडे पाहिले, पुन्हा दाखल्याकडे पाहिले. ही मुलगी खरोखरच जन्मली आहे याची खात्री पटल्यावर त्याने आम्हांला आत सोडले. ती त्याच्याकडे पाहून हसली. त्या हसण्याने तोही हसला, आणि सकाळपासून प्रथमच माझी लेकही हसली.

आसन नसलेल्या या प्रवाशाचे सामान सर्वांत जास्त. दुपटी, झबली, डायपर, खुळखुळा, नाचणीच्या सत्त्वाचा डबा, उकळलेल्या पाण्याचा थर्मास, दुधाच्या भुकटीची मापे भरून ठेवलेली डबी आणि तीन बाटल्या. शिवाय लेकीने स्वतःसाठी एक जादा कुडता घेतला होता. बाळाचे कपडे बदलायला सगळेच घेतात. पण बाळ ओकते ते आईच्या अंगावर, हे पहिल्या मुलाच्या वेळी तिला कळले होते.

त्या तीन बाटल्यांविषयी थोडे सांगितले पाहिजे. बाळंतपणाची सव्वीस आठवड्यांची रजा, जी २०१७ सालच्या कायद्याने मिळू लागली, ती संपली आणि लेक कामावर रुजू झाली. पुढच्या पंधरा दिवसांत तिचे दूध आटत गेले, आणि नात बाटलीवर आली. मला ते पटले नाही. रात्री उठून रडत्या बाळाला जावई बाटली देत आणि लेक कूस बदलून झोपत असे, तेही पटले नाही. मी काही बोलले नाही. आईने मुलीच्या संसारात बोलू नये, एवढे शहाणपण मला आहे. मी फक्त नातवाला गोष्ट सांगितली.

गोष्ट तुम्हांला ठाऊक आहे. बादशहाने बिरबलाला विचारले, 'जगात सर्वांत प्रिय काय?' बिरबलाने एका कोरड्या हौदात माकडीण आणि तिचे पिल्लू सोडले, आणि हौदात पाणी सोडले. पाणी कमरेपर्यंत आले तेव्हा माकडिणीने पिल्लाला कडेवर घेतले. गळ्यापर्यंत आले तेव्हा डोक्यावर घेतले. आणि नाकातोंडात जाऊ लागले तेव्हा तिने पिल्लाला खाली टाकले आणि त्याच्यावर उभी राहिली. 'खाविंद,' बिरबल म्हणाला, 'जगात सर्वांत प्रिय आपला जीव!'

लेक त्या वेळी तिथेच, दिवाणाच्या दुसऱ्या टोकाला, झबल्यांच्या घड्या घालीत बसली होती. 'लेकी बोले सुने लागे' असे आपण म्हणतो. मी नातवाला बोलले, ते लेकीला लागले. तिने घडी घातलेले झबले उलगडले आणि पुन्हा घडी घातली. त्यानंतर दोन महिने ती माझ्याशी नीट वागत होती. आईशी मुलगी नीट वागू लागली की समजावे, काहीतरी बिघडले आहे.

ही केरळची सहल जावयांनी ठरवली, ती तिला विश्रांती मिळावी म्हणून. मला बरोबर घेतले, ते बहुधा त्यांच्या भिडस्त स्वभावामुळे.

तर आम्ही विमानात बसलो. खिडकीशी नातू, मध्ये नातीला घेऊन लेक, आणि वाटेच्या कडेला मी. जावयांना चार रांगा मागे जागा मिळाली होती. हवाईसुंदरीने येऊन एक छोटा पट्टा लेकीच्या पट्ट्यात ओवला आणि नातीच्या पोटावर बांधला. मग वाटेत उभी राहून ती प्राणवायूचा पिवळा मुखवटा दाखवू लागली. ध्वनिक्षेपकातून सूचना आली : आधी स्वतःचा मुखवटा लावा, मगच बरोबरच्या मुलाला मदत करा.

नातू सगळे कान देऊन ऐकत होता. मुलांना हिंदी कळत नाही असे आपल्याला वाटते. त्यांना सगळे कळते.

"आई, तू आधी तुझा लावणार?"

"हो. आणि मग लगेच तुझा."

"आणि बाळाचा?"

"बाळाचापण."

तो क्षणभर विचारात पडला. मग माझ्याकडे वाकून मोठ्याने म्हणाला, "आजी, म्हणजे त्या माकडिणीसारखंच ना?"

लेकीने खिडकीबाहेर पाहिले. बाहेर पाहण्यासारखे काही नव्हते. सामानाची एक रिकामी गाडी उभी होती.

"तसं नाही रे," मी म्हणाले, आणि तसे का नाही ते सांगायला गेले, तर शब्द सापडेनात. सापडायला हवे होते, कारण जावयांनी आदल्याच रात्री नातवाच्या शंभर प्रश्नांना उत्तरे देताना हे समजावून सांगितले होते. पस्तीस हजार फुटांवर आतल्या हवेचा दाब एकाएकी गेला, तर माणूस अर्ध्या ते एका मिनिटात भान हरपतो. श्वास कोंडल्यासारखेही वाटत नाही. डोके हलके होते आणि हात ऐकेनासे होतात. तेवढ्या वेळात रडत्या, मान फिरवणाऱ्या मुलाला मुखवटा घालण्याची खटपट करीत बसलेली आई आधी कोसळेल, आणि मग मुलाला कोण पाहील? आईने आधी श्वास घ्यायचा, तो मुलासाठीच घ्यायचा. तीन आसनांच्या डोक्यावर मुखवटे बहुधा चार असतात, हेही त्यांनी सांगितले होते. चौथा मांडीवरच्यासाठी.

हे सारे मला ठाऊक होते. पण गोष्ट सांगताना ते मला ठाऊक नव्हते.

नातवाचे तेवढ्याने समाधान झाले नव्हते. "आजी, मग त्यांनी पाणी बंद का नाही केलं?"

"कुणी?"

"ते काठावरचे. बादशहा आणि बिरबल."

पासष्ट वर्षांपूर्वी ही गोष्ट मी प्रथम ऐकली. तेव्हापासून किती मुलांना सांगितली असेन! काठावर कोरड्या पायांनी उभ्या असलेल्या त्या दोघांकडे मी कधी पाहिलेच नव्हते. हौदाचा नळ कोणी सोडला, तो कोण बंद करू शकत होते, हा प्रश्न मला सुचला नव्हता. मी आपली माकडिणीलाच पारखत आले होते.

विमान सुटले. समुद्रावर झेप घेऊन ते डावीकडे वळले आणि दक्षिणेला लागले. नात थोडी रडली. लेकीने तिच्या तोंडात बाटली दिली, तेव्हा मी सवयीने दुसरीकडे पाहिले. थोड्या वेळाने नातू ओरडला, "आजी, जमीन!" मी वाकून पाहिले. खाली कोकणची किनारपट्टी नकाशासारखी पसरली होती. हिरवी-तपकिरी जमीन, आणि तिच्यात समुद्राने घुसवलेली खाड्यांची बोटे. सुटून वीस मिनिटेही झाली नसतील. ती रुंद खाडी वाशिष्ठीची असावी. म्हणजे तिच्या वरच्या अंगाला चिपळूण.

चिपळूण म्हटल्यावर एक रात्र माझ्यासमोर उभी राहिली. ती मी कोणाला सांगितलेली नव्हती. स्वतःलाही नाही.

१९८७ चा मे महिना. परळहून रात्रीची एस. टी. पकडून मी राजापूरला माहेरी निघाले होते. मांडीवर हीच लेक, तेव्हा आठ महिन्यांची. यजमानांना रजा नव्हती. पेण गेले, महाड गेले, पोलादपूर गेले. पोर रडायची थांबेना. कशेडीचा घाट लागला तशी दोनदा ओकली. मी अंगावर पाजून पाहिले, थोपटून पाहिले, उभी राहून झुलवून पाहिले. त्याआधी चार रात्री मी झोपले नव्हते. घाटातल्या एका वळणावर, आजही सांगताना अंगावर काटा येतो, हे ओझे खिडकीतून फेकून द्यावे असे माझ्या मनात आले. क्षणभरच; पण आले.

शेजारी नऊवारी नेसलेली एक म्हातारी होती. पायाशी टोपली, तोंडात पान. ती म्हणाली, "आण गो हकडे. नि झोप तू जरा." मी ओळख ना पाळख अशा त्या बाईच्या ओच्यात माझे मूल टाकले आणि झोपले. झोपले म्हणजे मेल्यासारखी झोपले. जाग आली ती चिपळूणच्या स्थानकावर. लेक तिच्या मांडीवर गाढ झोपली होती, आणि म्हातारीचा पाय अवघडून गेला होता, तरी तिने तो हलवला नव्हता. घरी पोहोचल्यावर आईने विचारले, "पोरीने त्रास दिला का ग?" मी म्हणाले, "छे! रात्रभर मांडीवर शांत होती." मांडी कोणाची, ते सांगितले नाही.

मी मान वळवली. नात झोपली होती, आणि तिच्यावर हनुवटी टेकून लेकही झोपली होती. तिचे तोंड किंचित उघडे होते, लहानपणी असे तसे. नात एका बाजूला घसरू लागली होती. मी हळूच छोटा पट्टा सोडवला आणि तिला माझ्या मांडीवर घेतले. लेक जागी झाली नाही. जागी असती तर तिने दिली असती की नाही, कोण जाणे.

तासाभराने वाटेच्या पलीकडची तरुण मुलगी माझ्याकडे झुकली. मुंबईतल्या एका इस्पितळात ती परिचारिका होती आणि सुट्टीला घरी चालली होती. इस्पितळातच शिकलेल्या मराठीत ती म्हणाली, "आई, बाळाला उठवा. आता विमान उतरायला लागणार. झोपेत गिळत नाही ती. कान दुखणार."

तिने सांगितले ते असे. कानाच्या पडद्यामागून घशापर्यंत एक बारीक नळी जाते. आपण गिळतो किंवा जांभई देतो तेव्हा ती उघडते आणि दोन्हीकडचा दाब सारखा होतो. बाळाची ही नळी आखूड, अरुंद आणि आडवी असते; सहजी उघडत नाही. विमान पस्तीस हजार फुटांवर असले तरी आतली हवा सहा ते आठ हजार फुटांच्या डोंगरावर असावी तेवढी विरळ ठेवतात. म्हणजे कळसूबाईच्याही वर. तिथून अर्ध्या तासात समुद्रसपाटीला यायचे. घाट उतरताना आपल्या कानांत दडे बसतात, तसेच हे. पण बाळाला ते सांगता येत नाही. ते रडते. उपाय एकच : उतरताना त्याला चोखायला, गिळायला काहीतरी द्यायचे.

माझा हात लेकीच्या खांद्याकडे गेला. बाळाला पाजायचे म्हणजे आईला उठवायचे, हे माझ्या हातांना पाठ होते. मग माझी नजर पिशवीतल्या बाटलीकडे गेली.

मी हात मागे घेतला. थर्मासमधले पाणी बाटलीत ओतले, डबीतले माप टाकले, झाकण लावून हलवले, मनगटावर थेंब टाकून पाहिला. दोन महिने नाक मुरडून पाहत होते, त्यामुळे सगळे अचूक येत होते. हवाईसुंदरीने येऊन छोटा पट्टा माझ्या पट्ट्यात ओवून दिला. नातवाला मी पाण्याचा पेला दिला आणि घोट घोट प्यायला सांगितले. नातीच्या तळपायाला गुदगुल्या केल्या. तिने डोळे उघडले, रडण्यासाठी ओठ काढले, आणि मी बाटली पुढे केली.

ती पिऊ लागली. विमान एकेक पायरी खाली येत होते. माझ्या कानांत दडे बसत होते आणि सुटत होते. तिच्या गळ्याची इवलीशी हालचाल माझ्या दंडाला जाणवत होती. पिता पिता तिने माझे बोट धरले. बाटली धरलेल्या बाईचे बोट मूल असे धरते, हे मला माहीत नव्हते. माझा डावा पाय मुंग्या येऊन बधिर झाला होता. मी तो हलवला नाही.

चाके जमिनीला लागली तेव्हा लेक दचकून जागी झाली. आधी तिने मांडी चाचपली. मग माझ्याकडे पाहिले, बाळाकडे पाहिले, रिकाम्या बाटलीकडे पाहिले.

"आई, मला उठवायचं नाही का? रडली असेल ती."

"नाही रडली."

"दूध कुणी केलं?"

"मी."

ती काही बोलली नाही. पुष्कळ दिवसांनी ती माझ्याशी नीट वागायचे विसरली. माझ्या खांद्यावर डोके टेकून तिने पुन्हा डोळे मिटले. लोक उठून डोक्यावरचे सामान काढू लागले होते. आम्हांला घाई नव्हती. तान्हे मूल बरोबर असले की सर्वांत शेवटी उतरावे, हे उत्तम.

"झोप तू जरा," मी म्हणाले. "सामान येईपर्यंत तुला एक गोष्ट सांगायची आहे. चिपळूणची."