चुंबळ

'तू आल्प्सला जाऊन आलास, वार्षिकासाठी लिही काहीतरी,' असे संपादक सरांनी सांगितले तेव्हा मला वाटले, हे तर अगदी सोपे. दोन रात्री बसून मी हिमशिखरे, निळी सरोवरे आणि गाईंच्या गळ्यातल्या घंटा यांचे सात पाने भरून वर्णन लिहिले. तिसऱ्या दिवशी ते वाचले आणि फाडून टाकले. त्यात सगळे होते, फक्त बाबा नव्हते. आणि खरे सांगायचे तर त्या आठ दिवसांत मी डोंगरांपेक्षा बाबांकडेच अधिक पाहिले.

माझी ताई झुरिकला नोकरी करते. बाबा टपालखात्यातून निवृत्त झाले तेव्हापासून तिच्या मनात होते की आईबाबांना एकदा तिकडचे डोंगर दाखवायचे. २०२४ च्या जुलैसाठी तिने एक सहल ठरवली. दिवसभर गाईडबरोबर डोंगरवाटांनी चालायचे आणि रात्री चांगल्या हॉटेलात उतरायचे, असा तो प्रकार. आईने गुडघ्यांचे कारण पुढे केले. 'डोंगर बघायला इतक्या लांब कशाला? नेरळच्या आपल्या खिडकीतून माथेरान दिसतो की!' झाले, आईची जागा मला मिळाली.

आता मी पडलो ट्रेकवाला. राजमाची, हरिश्चंद्रगड, नाणेघाट सगळे पायाखाली घातलेले. रात्री गुहेत पथारी, गावात कुणाच्या तरी घरी पिठले-भाकरी, पाठीवर स्वतःचे ओझे. डोंगरात जाऊन पिसांच्या दुलईत झोपायचे म्हणजे उपास धरून पुरणपोळी खाण्यातला प्रकार, असे मी मित्रांना ऐटीत सांगून निघालो होतो. (ती दुलई मला पहिल्याच रात्री फार आवडली, हे येथे कबूल करतो.)

आमचा पहिला मुक्काम ग्रिंडेलवाल्डला होता. गाव १०३४ मीटर उंचीवर, म्हणजे आपल्या माथेरानहून थोडे उंच. पण माथेरान डोंगराच्या माथ्यावर आणि हे गाव डोंगरांच्या पायथ्याशी. खिडकी उघडली की समोर आयगर, ३९६७ मीटर, मान मागे टाकून पाहावा लागे. आमच्या तुकडीत दहाजण होते. बहुतेक इंग्रज, दोन डच बायका आणि आम्ही बापलेक. गाईड पन्नाशीच्या एक स्थानिक बाई होत्या. त्या सर्वांत पुढे चालत, पण त्यांची चाल सर्वांत मागच्या माणसाची असे. वाटेवरच्या पिवळ्या पाट्यांवर अंतर लिहिलेले नसते, किती वेळ लागेल ते लिहिलेले असते. बाबांना ही गोष्ट फार पटली. प्रत्येक पाटीपाशी ते घड्याळ लावून पाहत आणि पुढच्या पाटीशी पोचलो की पाटी खरी की आपण खरे याचा निकाल देत. बाखआल्पसे नावाच्या तळ्याशी आम्ही पाटीच्या चार मिनिटे आधी पोचलो, तेव्हा त्यांची कळी जी खुलली ती संध्याकाळच्या सूपापर्यंत टिकली.

अडचण आली ती सामानाची.

या सहलीची मोठी सोय अशी की सामान आपण न्यायचे नाही. सकाळी आठच्या आत बॅगेला चिठ्ठी बांधून ती हॉटेलच्या दाराशी ठेवायची. आपण हात हलवत डोंगर ओलांडून दुसऱ्या गावी पोचतो तेव्हा बॅग आपल्याआधी खोलीत हजर असते. चौथ्या दिवशी वेंगेनला जायचे होते. आदल्या रात्री बाबांनी विचारले,

'कोण नेतं बॅगा?'

'असतात त्यांची माणसं.'

'किती?'

'बाबा, ताईने पैसे भरलेत त्याचे!'

ते काही बोलले नाहीत. सकाळी दाराशी नऊजणांच्या बॅगा होत्या. बाबांची त्यांच्या हातात. खाकी कॅनव्हासची, दोन बंदांची जुनी बॅग, पाठीला लावायला पट्टेसुद्धा नाहीत. दहाअकरा किलोंचे वजन सहज असेल. गाईडबाईंनी ती उचलून पाहिली, दोनदा समजावले, शेवटी म्हणाल्या, 'ठीक आहे. आल्पिग्लेनपर्यंत बघू. तिथे रेल्वेचं स्टेशन आहे.'

ग्रिंडेलवाल्डच्या खालच्या अंगाला नदीजवळ ग्रुंड आहे. तेथून क्लाइने शायडेगची खिंड २०६१ मीटरवर, म्हणजे अकराशे मीटरचा चढ. दातेरी रुळांवरून जाणारी आगगाडी वाटेला सोबत करते. १८९३ पासून ती धावते आहे. अर्धा तास बाबांनी बॅग या हातातून त्या हातात घेतली. मी मागितली, तर दिली नाही. मग एका वळणावर ते थांबले. बॅगेतून पंचा काढला, पिळला, त्याचे वेटोळे करून डोक्यावर ठेवले आणि त्यावर बॅग चढवली. एका हाताने तिला जेमतेम धरले आणि चालू लागले.

वाचकहो, त्या क्षणी मला काय वाटले ते मी लपवणार नाही. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. लोक थांबून पाहू लागले. एका इंग्रजाने फोटो काढला. डच बायकांपैकी एकीने कौतुकाने विचारले, 'तुमच्याकडे असं करतात?' मी चटकन म्हणालो, 'हा एक योगाचा प्रकार आहे. मानेसाठी.'

बाबा चार पावलांवर होते. पोस्टाच्या खिडकीत बसून पस्तीस वर्षे काढलेल्या माणसाला तेवढे इंग्रजी कळते, हे मला ठाऊक होते.

आल्पिग्लेन आले. डाव्या हाताला आयगरची उत्तर भिंत, सुमारे अठराशे मीटर सरळ उभी. सगळे ती पाहत होते. गाईडबाई मात्र बाबांच्या पावलांकडे पाहत होत्या. मान ताठ, पाऊल सबंध टेकलेले, श्वास एका लयीत. त्या तुकडीत तसे कुणीच चालत नव्हते. मी तर नाहीच. बाईंनी स्टेशनचा विषयही काढला नाही. 'चला,' एवढेच म्हणाल्या.

शायडेगच्या खिंडीत बसून त्यांनी आयगरची हकिगत सांगितली. या शिखरावर माणसाचे पाऊल पहिल्यांदा १८५८ साली पडले. 'क्रिस्तियान आल्मर, पेटर बोरेन आणि त्यांचे आयरिश पाहुणे चार्ल्स बॅरिंग्टन,' अशा क्रमाने त्यांनी नावे घेतली. पहिले दोघे ग्रिंडेलवाल्डचे गाईड. मी आधी वाचले होते त्यात बॅरिंग्टनचे नाव पहिले होते. उत्तर भिंतीवरून जायला मात्र पुढे ऐंशी वर्षे जावी लागली. १९३८ च्या जुलैत चौघे तिकडून वर पोचले.

उतारावर गाईडबाईंनी बाबांचे ऐकले नाही. उताराला गुडघे फसवतात, म्हणाल्या. बॅग माझ्याकडे आली. वेंगेनपर्यंत आठशे मीटरचा उतार मी ती बॅग हातात घेऊन उतरलो. बोटांना बंद काचत होते, दोन्ही तळहातांवर फोड आले. डोक्यावर घेतली असती तर सोपे गेले असते, हे डोळ्यांनी पाहिले होते. पण डोक्यावर घेण्याचे धैर्य मला झाले नाही.

वेंगेनच्या हॉटेलात जेवणघराकडे जाणाऱ्या बोळात जुनी छायाचित्रे लावली होती. एकात टोपी घातलेली एक बाई खुर्चीत बसली आहे, खुर्चीला दोन दांडे, आणि चार माणसे ती डोंगरावर वाहून नेत आहेत. बाबा त्यासमोर इतका वेळ उभे राहिले की आमचे सूप निवले.

'चढावर मागच्या दोघांवर भार येतो,' ते म्हणाले. 'हा डावीकडचा बघ. त्याने खांदा बदललाय. उजवा दुखतोय त्याचा.'

छायाचित्राखाली बाईंचे नाव होते. चौघांचे नव्हते. श्रीमंत प्रवासी असे खुर्चीत बसून आल्प्स पाहत, आणि ती वाहणारे म्हणजे याच दऱ्यांतले गरीब शेतकरी, असे गाईडबाईंनी सांगितले.

'तुम्हांला कसं कळलं खांद्याचं?' मी विचारले.

'अण्णांकडून.'

अण्णा म्हणजे माझे आजोबा. मी जन्मण्याआधीच ते गेले. ते माथेरानला हॉटेलात नोकरीला होते, एवढेच मला घरात सांगितलेले.

'हॉटेलात नव्हते,' बाबा म्हणाले. 'हॉटेलापर्यंत होते. गाडी आली की स्टेशनापासून बंगल्यापर्यंत. मे महिन्यात मी जायचो बरोबर. लहान ट्रंक माझी, मोठी त्यांची. पोस्टात लागलो त्या दिवशी अण्णांनी आपली चुंबळ विहिरीत टाकली. म्हणाले, आता तू कुणाचं उचलू नकोस, आणि तुझं कुणाला उचलायला लावू नकोस. पहिलं पाळायला काही लागलं नाही. नोकरीच होती.'

थोड्या वेळाने ते म्हणाले, 'सकाळी त्या बाईंना तू योग सांगितलास, ते ऐकलं मी.'

मला मान वर करवेना.

'अण्णांना सुचायला हवं होतं ते,' बाबा सूपात पाव बुडवीत म्हणाले. 'चार पैसे जास्त मिळाले असते.'

दुसऱ्या दिवशी न्याहारीला मी त्या डच बाईंकडे गेलो आणि खरे काय ते सांगितले. हुंदका, मिठी असे काही झाले नाही. त्यांनी विचारले, 'एका खेपेला किती वजन असे?' मला सांगता येईना. बाबांना विचारून यावे लागले. वीस-पंचवीस किलो, मोठी ट्रंक असली तर चाळीस.

वेंगेनला आमचे दोन दिवस होते. या गावाला मोटाररस्ता नाही. माणसे आणि सामान सगळे आगगाडीने येते आणि स्टेशनावरून हॉटेलांच्या विजेच्या छोट्या गाड्या ते घेऊन जातात. बाबांना अगदी घरी आल्यासारखे झाले. नेरळ-माथेरानची गाडी १९०७ ची, ही त्याआधी चौदा वर्षांची. तिकडेही मोटारींना बंदी. पण तिथे कितीतरी वर्षे माणसाने माणसाला हातरिक्षातून ओढले. हातरिक्षा बंद करा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने दिला तो २०२५ साली, म्हणजे आम्ही परत आल्यावर वर्षाने. असो. बाबा एका दुपारी सगळ्यांबरोबर चालायला आलेच नाहीत. स्टेशनावर बसून होते. संध्याकाळी पाहतो तो आमच्या हॉटेलची गाडी चालवणारा माणूस त्यांच्या शेजारी आईने दिलेला चिवडा खात होता. तो पोर्तुगालचा, तोही डोंगराळ गावचा. घरची माणसे तिकडेच. दोघांचेही इंग्रजी बेताचे, पण बोलणे थांबत नव्हते. 'याची कंबर दुखते,' बाबांनी मला सांगितले. 'वाकून उचलतो. गुडघ्यात बसून उचल म्हणून दाखवलं त्याला.'

निघायच्या दिवशी म्युरेनला जायचे होते. खाली लाउटरब्रुनेनपर्यंत उतार, मग तारेवरच्या पाळण्यातून वर आणि कड्याच्या माथ्यावरून सपाट वाट. आठ वाजता बाबा बॅग घेऊन दाराशी आले. पोर्तुगीज माणूस बॅगा भरत होता. बाबांनी आपली बॅग जमिनीवर ठेवली. त्याने एक बंद धरला, बाबांनी दुसरा, आणि दोघांनी मिळून ती गाडीवर ठेवली. मग बाबांनी बाकीच्या नऊही त्याच्याबरोबर चढवल्या. चिठ्ठी नीट बांधली आहे का, ते दोनदा पाहिले.

त्या दिवशी बाबा रिकाम्या हातांनी चालले. हात कुठे ठेवावेत हे त्यांना कळत नव्हते. खिशात घालीत, पाठीमागे बांधीत, पुन्हा सोडीत. श्टाउबबाख धबधब्याचे पाणी जवळजवळ तीनशे मीटरवरून खाली येते आणि वाऱ्याने अर्ध्यातच धूर होते. तो पाहताना ते दोन्ही हात कमरेवर ठेवून उभे राहिले, तेव्हा कुठे जरा बरे दिसले.

रात्री म्युरेनहून आईला फोन लावला. मी धबधब्याचे सांगणार होतो. तिने आधीच विचारले,

'बॅग दिली का रे त्यांनी?'

'दिली. आज.'

पलीकडे ती थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, 'त्यांना दे फोन.'