भिंगाचा नंबर ठरवताना

मोतीबिंदूचं ऑपरेशन आता काही मिनिटांत उरकतं. पण कॉर्निआच, म्हणजे डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदाच, ओबडधोबड असला, की माझा खरा कस टेबलावर लागत नाही. तो आत बसवायच्या भिंगाचा नंबर काढताना लागतो.

केरॅटोकोनसचा रुग्ण घ्या. कॉर्निआ पातळ होऊन शंकूसारखा पुढे आलेला, टोक बहुधा मध्याच्या खाली सरकलेलं. केरॅटोमीटर मधल्या साधारण ३ मिलिमीटर भागाची पुढची वक्रता मोजतो आणि मागची बाजू नेहमीच्याच प्रमाणात वाकलेली असणार असं धरून १.३३७५ या निर्देशांकाने हिशेब करतो. इथे ते प्रमाणच बिघडलेलं. यंत्र कॉर्निआची ताकद फुगवून सांगतं, सूत्रातून भिंग कमी ताकदीचं निघतं आणि जन्मभर मायनसचा चष्मा लावलेल्या माणसाला ऑपरेशननंतर प्लसचा नंबर लागतो. त्याला ना दूरचं धड दिसत, ना जवळचं.

म्हणून मी एका आकड्यावर कधीच थांबत नाही. डोळ्यांचा कोरडेपणा आधी बरा करायचा, हार्ड कॉन्टॅक्ट लेन्स काही आठवडे बंद ठेवायची, टोपोग्राफी म्हणजे कॉर्निआचा नकाशा वेगवेगळ्या दिवशी काढायचा. त्या आठवड्यांत रुग्णाचे हाल होतात, हे मला दिसतं. तरी आकडे स्थिरावेपर्यंत मी हटून बसतो. बॅरेट आणि केन यांची केरॅटोकोनससाठी वेगळी सूत्रं आहेत. ती वापरूनही मी नेम थोडा मायनसकडेच ठेवतो.

कॉर्निआचा वाकडेपणा भरून काढणाऱ्या टोरिक भिंगाचा मोह मोठा. पण पुढे हार्ड लेन्स लागणारच असेल, तर मी साधंच भिंग बसवतो. हार्ड लेन्स कॉर्निआचा वाकडेपणा झाकते आणि टोरिकने केलेली दुरुस्तीच नवा दोष होऊन उरते. दूरचं-जवळचं दोन्ही दाखवणारं मल्टिफोकल भिंग तर अशा डोळ्यात मी बसवतच नाही.

कॉर्निआवरच्या फुलाची, म्हणजे पांढऱ्या डागाची, गोष्ट निराळी. उसाचं पातं किंवा भाताचं कूस लागून जखम चिघळते, बरी होताना फूल पडतं आणि वर्षांनी त्यामागे मोतीबिंदू पिकतो. अंधुकपणातला कुणाचा वाटा किती? तपासताना हार्ड लेन्स ठेवून दोन ओळी जास्त वाचता आल्या, तर तेवढा दोष कॉर्निआचा. ऑपरेशनमध्ये ट्रायपॅन ब्लू या रंगाने भिंगाच्या पिशवीचं आवरण रंगवतो, उजेड बाजूने टाकतो, फुलाच्या कडेच्या स्वच्छ जागेतून वाट काढतो.

त्याआधी घरच्यांसमोर स्पष्ट बोलतो : "काका, मोतीबिंदू मी काढीन, पण फूल तिथंच राहील. माणसं ओळखू येतील. पेपर वाचता येईलच असं नाही." त्यांना पटलं, तरच तारीख देतो.