लखनौत मुक्काम, चाकांसाठी

आग्रा ते लखनौ हा ३०२ किलोमीटरचा द्रुतगती मार्ग सरळ, रुंद आणि एकसुरी आहे. वाटेत चहाला थांबलो आणि सवयीने चाकांभोवती चक्कर मारली, तेव्हा मागच्या टायरच्या बाजूला बारीक भेगा दिसल्या. टेम्पो ट्रॅव्हलरवर बांधून घेतलेली आमची घरगाडी धावते कमी, उभी राहते जास्त. त्यामुळे टायरची नक्षी नव्यासारखी राहते आणि रबर मात्र वाळत जातं. टायरवर कोरलेल्या चार आकड्यांतले पहिले दोन आठवडा सांगतात, नंतरचे दोन वर्ष. ते वाचून हिने तिथंच निकाल दिला, "अहो, आता पुढे अयोध्या-काशी राहू दे. आधी टायर."

लखनौत कानपूर रस्त्यावर ट्रान्सपोर्ट नगर आहे. ट्रकवाल्यांची ती स्वतंत्र नगरी. टायर, पाटे, बॅटऱ्या, रंगारी, चहा, सगळं तिथं. एका दुकानात सगळे टायर बदलून झाले आणि प्रश्न उरला व्हील कॅपचा. आमच्या कॅप स्टेनलेस स्टीलच्या आहेत. पुढच्या चाकाच्या घुमटासारख्या फुगीर, मागच्या जोडचाकांच्या आत खोल गेलेल्या. ठरावीक स्टडवर मुख्य नटाच्या बाहेर जास्तीचे नट चढवायचे आणि कॅप त्यांवर कसायची, अशी त्यांची रचना. मुख्य नट आणि डिस्क यांच्या मध्ये कॅपचा पत्रा येत नाही, म्हणूनच आम्ही या निवडल्या. मध्ये पत्रा आला की नटाची पकड डिस्कवर न पडता पत्र्यावर पडते. चाकाच्या बाबतीत मला ते मुळीच पटत नाही.

पुढच्या कॅप चटकन बसल्या. मागची बसेना. दुकानातला पोरगा रबरी हातोडा घेऊन आला, तोच ही खाली वाकून म्हणाली, "अहो, आतल्या चाकाचा व्हॉल्व्ह कुठंय?" तो कॅपच्या पत्र्याआड गेला होता.

जोडचाकांत आतल्या टायरचा व्हॉल्व्ह बाहेरच्या डिस्कच्या खिडकीतून दिसावा लागतो. दोन्ही व्हॉल्व्ह समोरासमोरच्या बाजूंना ठेवतात, म्हणजे हवेची नळी दोन्हींना लागते. कॅपच्या खिडक्याही त्याच जागी यायला हव्यात. आमची बाहेरची डिस्क परत चढवताना काही भोकं सरकून बसली होती. हातोडा मारून कॅप बसलीही असती, पण आतल्या टायरला हवा भरता आली नसती आणि मोजताही आली नसती. जोडीतला एक टायर मऊ पडला तर सगळा भार दुसऱ्यावर जातो, आणि बाहेरून पाहणाऱ्याला त्याचा पत्ता लागत नाही.

शेजारच्या गाळ्यातल्या वयस्क मिस्त्रींनी हे पाहिलं आणि स्वतः पुढे आले. गाडी जॅकवर घेतली, बाहेरचं चाक उतरवलं. दोन्ही डिस्क जिथं एकमेकींना टेकतात तिथली धूळ आणि गंज तारेच्या ब्रशने घासून काढला. डिस्क फिरवून व्हॉल्व्ह खिडकीत आणला आणि समोरासमोरचे नट आळीपाळीने टॉर्क पान्याने आवळले. मी कॅप पुढे केली, तर त्यांनी हात आडवा केला. "साहब, अभी कैप मत लगाइए. सौ किलोमीटर चलाकर आइए, नट बैठ जाने दीजिए."

त्यांचं म्हणणं सोळा आणे खरं होतं. नव्याने आवळलेल्या चाकात रंगाचा थर, उरलेली धूळ दबते आणि नटाची पकड किंचित सैलावते. नट ढिला राहिला तर डिस्क हलू लागते, भोकं लांबट होतात, शेवटी स्टड तुटतो. नटाभोवती गंजाचे ओघळ ही त्याची पहिली खूण. चकचकीत कॅप नेमकी तीच खूण झाकून टाकते.

मग आम्ही सीतापूर रस्त्याने सिधौली गाठून नैमिषारण्याला गेलो, लखनौपासून सुमारे नव्वद किलोमीटर. लहानपणापासून सत्यनारायणाच्या पोथीत ऐकलेलं हे नाव. शौनकादी ऋषींनी सूतांना प्रश्न विचारले ते इथंच. गोमतीकाठचं हे गाव, त्यातलं गोल चक्रतीर्थ पाहताना हिने हात जोडले आणि बराच वेळ ती काही बोलली नाही. परतीला निघण्याआधी मी प्रत्येक डिस्कला हात लावून पाहिला. एकही तापली नव्हती.

परतल्यावर मिस्त्रींनी पुन्हा पाना लावला. मागचे काही नट थोडे फिरले, पुढचे जागचे हलले नाहीत. कॅपचे दोन नट मात्र गंजलेले होते. ते आणायला ट्रान्सपोर्ट नगरहून मेट्रोने हजरतगंजला उतरलो आणि लालबागेतल्या गाड्यांच्या सामानाच्या बाजारात गेलो. तिथून जवळच कैसरबागेत विष्णू नारायण भातखंड्यांच्या संगीत विद्यालयाचं दर्शन घेतलं. १९२६ साली मॅरिस कॉलेज म्हणून ते सुरू झालं. वाळकेश्वरला जन्मलेल्या माणसाने इतक्या दूर येऊन गाण्याची शाळा उभारली, याचा फाटकाशी उभं असतानाही अभिमान वाटला.

संध्याकाळी मोठा इमामबाडा. दुष्काळात लोकांना काम मिळावं म्हणून आसफुद्दौलाने १७८४ मध्ये तो बांधायला घेतला. मधलं दालन सुमारे पन्नास मीटर लांब, आणि त्याच्या छताला एकही तुळई नाही. आतलं काम पातळ लखौरी विटांचं, वर चुन्याची नक्षी. लखनौला सजावटीची हौस मोठी, पण इथं ती भार पेलणाऱ्या भिंतीवर चढलेली आहे, भिंतीच्या जागी नाही. मिस्त्रींचा आडवा हात मला तिथं आठवला.

दुसऱ्या दिवशी कॅप बसल्या. व्हॉल्व्ह खिडकीत, हवेची नळी दोन्हीकडे पोचते, हे हिने स्वतः तपासलं आणि मगच पैसे दिले. मिस्त्रींनी दुसऱ्या खेपेचे पैसे घेतले नाहीत.

जोडचाकांची गाडी घेऊन फिरणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे. चाक उतरवण्याआधी दोन्ही डिस्कवर आणि एका स्टडवर खडूने खूण करून घ्या. कॅप पहिले शंभर किलोमीटर गाडीत ठेवा, आणि नट पुन्हा आवळल्याशिवाय कुणालाही ती बसवू देऊ नका.