टर्बोला थंड हवा पाजा!

गाडीच्या जाहिरातीत बीएचपीचा आकडा हा एवढा मोठा असतो. तो आकडा किती डिग्रीच्या हवेत काढलाय, हे मात्र शोरूममध्ये कोणी विचारत नाही. आपल्याकडच्या मे महिन्यात तर नक्कीच काढलेला नसतो :)

तर मंडळी, आज थोडं टर्बो-पुराण.

सायकलमध्ये हवा भरताना पंपाचं तोंड तापतं, आठवतंय? हवा दाबली की तापणारच. टर्बोत तेच होतं, फक्त पंपाच्या जागी एक्झॉस्टच्या जोरावर मिनिटाला लाखाच्या वर फेऱ्या घेणारा पंखा. गणित मांडून बघा. बाहेर 40 अंश, बूस्ट 0.8 बार, कॉम्प्रेसरची कार्यक्षमता 70 टक्के धरली, तर हवा साधारण 120 अंशांवर जाते. इंटरकूलरने ती 60 वर आणली तर तेवढ्याच दाबाला जवळपास 18 टक्के जास्त हवा मावते. जास्त हवा म्हणजे जास्त पेट्रोल जाळता येतं, म्हणजे जास्त ताकद. फुकटात!

आणि हवा गरमच राहिली तर? पेट्रोल इंजिनात नॉकिंगचा धोका. मिश्रण ठिणगीच्या ज्वाळेची वाट न बघता आपलं आपणच पेटतं आणि पिस्टनवर हातोडे बसतात. ते टाळायला ईसीयू ठिणगी उशिरा देतो, गरज पडली तर बूस्टही कमी करतो. आपला लॅपटॉप तापला की प्रोसेसर स्वतःहून मंदावतो ना, अगदी तस्सं.

हे दुखणं जुनं आहे. 1962 साली ओल्ड्समोबिलने जेटफायर नावाची टर्बो गाडी काढली. तिच्यात इंटरकूलर नव्हता. नॉकिंग रोखायला पाणी आणि मिथेनॉलचं मिश्रण फवारायचे. त्याची टाकी रिकामी झाली की बूस्ट आपोआप कमी! मालकाने पेट्रोलसोबत हेही भरायचं लक्षात ठेवायचं... किती जणांनी ठेवलं असेल?

आता आमच्या गाडीचं. मागच्या मेमध्ये आई-बाबांना घेऊन चिपळूणहून कराडला निघालो होतो. ओबीडीचं छोटं डोंगल मोबाईलला जोडलेलं. पोफळीच्या अलीकडे ट्रकांच्या रांगेत पंधरा-वीस मिनिटं अडकलो. बाहेर 38, आणि इंटरकूलरनंतरची हवा 69! रांग सुटली, कुंभार्ली घाट सुरू झाला आणि समोर उसाच्या ट्रॉलीच्या वेगाने चढणारा ट्रक. मागून हॉर्न चालू. एरवी ही गाडी अशा ट्रकाला तीन-चार सेकंदांत मागे टाकते. पण 69 वर ती तेवढी ओढणार नाही, आणि समोरून एसटी कधी वळणावर येईल याचा नेम नाही. आई म्हणाली, "अरे, काढ ना पुढे." बाबा म्हणाले, "राहू दे गं, त्याला कळतंय." मी ट्रकापासून चांगलं अंतर ठेवून चढत राहिलो. चार-पाच मिनिटांत आकडा 52 वर आला. मग सरळ रस्ता दिसल्यावर एका दमात पुढे.

एका मॉडिफिकेशनवाल्याने "सर, कोन फिल्टर टाका, गाडी पळेल" असा सल्ला दिला होता. उघडा कोन फिल्टर बॉनेटखालची तापलेलीच हवा ओढतो. कंपनीचा एअरबॉक्स बाहेरची हवा घेतो, तो बरा. भला मोठा इंटरकूलर लावला तर दाब भरायला वेळ लागतो, रोजच्या गाडीला तो नकोच.

त्यापेक्षा स्वस्तातले उपाय:

- इंटरकूलरच्या जाळीतले किडे आणि चिखल हलक्या पाण्याने धुवा. जोरदार प्रेशरने पाती वाकतात.
- बूस्ट पाइपचे क्लॅम्प तपासा. हवा गळली की टर्बो जास्त राबतो आणि हवा अजून तापते.
- ट्रॅफिकमधून सुटल्यावर दोन-चार मिनिटं वाऱ्याला त्याचं काम करू द्या.

शेवटचा उपाय शून्य रुपयांचा आहे, म्हणूनच बहुतेक कोणी विकत नाही. पण घाटात ओव्हरटेक करायचा की नाही, हे ठरवायला मला तोच सगळ्यात उपयोगी वाटतो.

असो. उद्या रविवार. बंपरमागे एकदा डोकावून बघाच!