एका वर्षाचे ऋण

बारावीचा निकाल लागला की धर्मगुरूच्या दारातली वर्दळ वाढते. कोणाला बाप्तिस्म्याचा दाखला हवा असतो, कोणाला शिफारसपत्र, तर कोणाला नुसताच सल्ला. दाखला देणे सोपे असते, कारण तो नोंदवहीत पाहून देता येतो. सल्ल्याची नोंदवही कोणी ठेवत नाही. आम्ही आजवर किती जणांना काय सांगितले आणि त्याचे पुढे काय झाले, याचा हिशेब म्हणूनच आमच्याजवळ नाही. एका सल्ल्याचा हिशेब मात्र आम्हांला पाठ आहे. तो वाचकांपुढे ठेवावा, असे बरेच दिवस मनात होते.

त्या काळात आम्ही डोंगरीत होतो. भाईंदर स्थानकावरून उत्तनच्या बसमध्ये बसले की शहराची दाटी हळूहळू मागे पडते. राई, मुर्धे, मोर्वे ही गावे ओलांडली की डोंगरी येते. बेथलेहेम माउलीच्या छायेत नांदणारे हे गाव शेतीभातीचे आणि कष्टकऱ्यांचे आहे. एका संध्याकाळी जपमाळेची प्रार्थना संपल्यावर एक कुटुंब आमच्याकडे आले. वडील थोडी शेती करून मिळेल ते काम करीत, आई भाईंदरच्या बाजारात भाजी घेऊन बसत असे. मुलगी बारावी उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाली होती. अकरावी-बारावीत तिने दुसरी भाषा म्हणून जर्मन घेतली होती. आमच्याकडची पुष्कळ मुले तसे करतात, कारण त्या विषयात गुण चांगले पडतात. या मुलीचे म्हणणे निराळे होते. तिला बी.ए.ला जर्मन हाच मुख्य विषय घ्यायचा होता आणि मुंबईतील एका ख्रिस्ती महाविद्यालयात त्यासाठी अर्ज करायचा होता.

वडील म्हणाले, "फादर, तुम्हीच सांगा हिला. आमचं ऐकत नाही, तुमचं ऐकेल."

आम्ही तिला विचारले, "अगं, जर्मन शिकून बोलणार कोणाशी? भाईंदरच्या बाजारात?"

सगळे हसले. आईसुद्धा हसली. मुलगी मात्र हसली नाही. आम्ही पुढे बरेच काही समजावले. कॉमर्स घेतले तर बँकेत कोठेतरी लागता येईल, नर्सिंग घेतले तर पोटाची चिंता नाही, भाषा काय, पुढे हौस म्हणून केव्हाही शिकता येते. मुलीने मान खाली घालून सारे ऐकले आणि "बरं, फादर," एवढेच म्हणाली. कुटुंब समाधानाने घरी गेले. आम्हीही समाधानाने जेवलो. तिने कॉमर्सला प्रवेश घेतला.

येथे आम्हांला आमच्याविषयी थोडे सांगितले पाहिजे. सेमिनरीत आम्ही तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान शिकलो. कार्ल राहनर या जर्मन येशूसंघीय ईशपंडिताचे ग्रंथ आम्ही इंग्रजी अनुवादातून वाचले. प्रवचनात एखादा जर्मन शब्द पेरण्याची आम्हांला हौसही होती. श्रोत्यांपैकी कोणाला तो कळत नसे आणि खरे सांगायचे तर आम्हांलाही तो पुरता कळत नसे. अशा माणसाने एका मुलीला त्या भाषेचा उपयोग काय, असे विचारावे, यातला विनोद त्या संध्याकाळी आमच्या लक्षात आला नाही.

पुढच्या नाताळाआधी गायनमंडळाचा सराव चालला होता. शांत रात्रीचे ते गीत आपल्या सर्व चर्चमध्ये मराठीत गायिले जाते. सराव संपल्यावर ती मुलगी जवळ आली आणि म्हणाली, "फादर, हे गीत मुळात एका तुमच्यासारख्या फादरनेच लिहिलेलं आहे, ठाऊक आहे?" आम्हांला ठाऊक नव्हते. जोसेफ मोर नावाच्या एका तरुण साहाय्यक धर्मगुरूने १८१६ साली ते जर्मनमध्ये लिहिले. फ्रान्झ ग्रूबर या शाळामास्तराने त्याला चाल लावली आणि १८१८च्या नाताळच्या पूर्वसंध्येला ऑस्ट्रियातील ओबर्नडॉर्फ या खेड्यात ते प्रथम गायिले गेले. मुलीने हे सर्व सहज सांगितले. मग पिशवीतून एक वही काढली. कॉमर्सच्या वहीची मागची पाने जर्मन शब्दांनी भरलेली होती.

"एक अडचण आहे," ती म्हणाली. "प्रभूच्या प्रार्थनेत जर्मन लोक एक शब्द वापरतात. त्याचं मराठी काय करायचं ते कळत नाही."

आम्ही वाचले, "शुल्ड."

"शेवटचा ड ट सारखा म्हणायचा, फादर. शुल्ट. त्याचा अर्थ अपराध. पण त्याचंच अनेकवचन केलं की कर्ज होतं. मग आपण देवाकडे काय मागतो? अपराधाची क्षमा की कर्जाची माफी?"

या प्रश्नाचे उत्तर सेमिनरीत आम्ही शिकलो होतो. मत्तयच्या शुभवर्तमानाच्या ग्रीक पाठात त्या ठिकाणी देणी, म्हणजे ऋण, या अर्थाचा शब्द आहे, तर लूकच्या पाठात पापे असा. बायबलच्या जुन्या मराठी भाषांतरातही मत्तयच्या त्या ओळीत ऋण हाच शब्द आढळतो. परीक्षेत आम्ही हे लिहून गुण मिळवले होते. परंतु या मुलीला तो प्रश्न कोणी घातला नव्हता. एका परक्या भाषेच्या शब्दापाशी थांबून तो तिला स्वतःहून पडला होता. भाषा शिकणे म्हणजे काय, हे आम्हांला त्या रात्री उमगले. त्याबरोबरच आपण हिला कोठून परतवले, हेही उमगले.

त्यानंतर आम्ही थोडे वाचले, थोडी विचारपूस केली. मुंबईचे सेंट झेवियर्स कॉलेज १८६९ साली जर्मन येशूसंघीयांनी सुरू केले. त्या वेळी मुंबईच्या ख्रिस्तसभेची धुरा बर्लिनमध्ये जन्मलेल्या बिशप लिओ म्यूरिन यांच्याकडे होती. पहिले महायुद्ध पेटले तेव्हा हेच धर्मगुरू इंग्रज सरकारच्या लेखी शत्रुराष्ट्राचे प्रजाजन ठरले. पुष्कळांना अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, छावणीत ठेवण्यात आले आणि १९१५-१६ मध्ये 'गोलकोंडा' जहाजाने अनेक जर्मन मिशनऱ्यांची मायदेशी रवानगी झाली. त्यांची जागा पुढे स्पेनमधील येशूसंघीयांनी घेतली. ज्यांनी आपल्या मुलांना शिकवले त्यांची भाषा आपल्यापैकी किती जणांनी शिकली? त्यांनी मात्र आपली भाषा शिकली. फादर मॅथ्यू लेदर्ले हे जर्मन येशूसंघीय पुण्यात राहिले, तेथे त्यांनी स्नेहसदन उभारले आणि आधुनिक महाराष्ट्रातील तत्त्वविचारांवर १९७६ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच वर्षी ग्युंथर सोन्थायमर या जर्मन अभ्यासकाचा बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा यांच्यावरील ग्रंथ जर्मन भाषेत निघाला. आपल्या धनगरांच्या दैवतांविषयी जर्मनीत वाचले जात होते आणि आम्ही विचारत होतो, बोलणार कोणाशी!

मराठी माणसाला ही भाषा वाटते तितकी परकी नाही, हेही त्या मुलीनेच आम्हांला दाखवले. इंग्रजीत नामाला लिंग उरलेले नाही, हिंदीत दोनच लिंगे आहेत. जर्मनमध्ये मात्र आपल्या तो, ती, ते प्रमाणे डेर, डी, डास अशी तीन लिंगे आहेत. तेथे सूर्य स्त्रीलिंगी आणि चंद्र पुल्लिंगी आहे. मुलीला जो शब्द आहे तो नपुंसकलिंगी आहे. आमचे गोवेकर वाचक याला हसणार नाहीत, कारण कोंकणीतही 'चेडूं' नपुंसकलिंगीच असते. गौणवाक्यात क्रियापद शेवटी जाते, जसे आपल्याकडे सदैव जाते. शब्दाला शब्द जोडून लांबलचक समास करण्याची खोड तर संस्कृतचीच.

जानेवारीत आम्ही तिच्या घरी गेलो. वडिलांपुढे बसून म्हणालो, "त्या दिवशी आम्ही चुकलो. विचारपूस न करता बोललो." धर्मगुरूने असे म्हटल्यावर वडिलांना काय बोलावे सुचेना. थोड्या वेळाने त्यांनी विचारले, "फादर, पण नोकरी?"

त्यांचा प्रश्न योग्य होता आणि तो विचारण्याचा त्यांना पूर्ण अधिकार होता. पहाटे उठून भाजी विकणाऱ्या आईच्या पैशावर मुलगी रोज भाईंदरहून लोकलने मुंबईला जाणार होती. आम्हांला जेवढे कळले होते तेवढे आम्ही सांगितले. भाषांतर, अध्यापन, जर्मन कंपन्यांची कार्यालये ही क्षेत्रे आहेत. जर्मनीत परिचारिका म्हणून मान्यता हवी असेल तर साधारणपणे बी-२ पातळीची भाषा यावी लागते, म्हणजे नर्सिंगच्या मुलींना शिकवणारेही हवेत. (पुढे २०२४ साली जर्मनीने भारतीय कुशल कामगारांसाठीच्या वार्षिक व्हिसांची मर्यादा २०,००० वरून ९०,००० केली, तेव्हा वडिलांनी ते कात्रण आम्हांला आणून दाखवले.) परंतु नुसत्या बी.ए.च्या पदवीवर नोकरी दारात येईल, असे आम्ही म्हणालो नाही. एकदा खात्रीने बोलून आमची खोड मोडली होती. आई इतका वेळ गप्प होती. ती म्हणाली, "शिकू दे तिला. मी आणखी एक टोपली नेईन."

जूनमध्ये मुलीने पुन्हा पहिल्या वर्षाला प्रवेश घेतला. तिच्या वर्गातल्या मैत्रिणींपेक्षा ती एक वर्षाने मोठी आहे. ते वर्ष आमच्यामुळे गेले. ती तसे कधी म्हणाली नाही. उलट कॉमर्समुळे हिशेब लिहिता येऊ लागले, असे हसून सांगते. तिने क्षमा केली आहे, हे आम्ही जाणतो. तथापि अपराधाची क्षमा झाली तरी देणे फिटतेच असे नाही. हे दोन अर्थ एकाच शब्दात का नांदतात, हे आम्हांला आता ग्रीक पाठावाचूनही कळते.

ते देणे फेडण्याचा एकच मार्ग आम्हांला सापडला आहे. आता कोणी मूल एखादा अनोळखी विषय घेऊन दारात आले की आम्ही आधी त्याची वही पाहायला मागतो. मागची पाने भरलेली असली, तर पालकांना सांगतो, "आठ दिवस द्या, आम्ही चौकशी करून येतो." वाचकहो, आपल्या घरातही असे मूल असेल. त्याला काय मिळेल, हे अवश्य विचारा, पण त्याआधी त्याला काय दिसले आहे, हे एकदा विचारून पाहा.

गेल्या नाताळात ती मुलगी भेटली. परीक्षा जवळ आली होती. आम्ही तिला तो शब्द म्हणून दाखवला. शेवटचा ड आम्ही ट सारखा उच्चारला. ती म्हणाली, "आता बरोबर आहे, फादर."