दहा बाजूंचा पाना

आपल्या वसतिगृहाचे पहिले अधीक्षक पहाटे पाचची घंटा मनगटावरचे घड्याळ पाहून स्वतः वाजवीत, हे पन्नाशी ओलांडलेल्या माजी विद्यार्थ्यांना सांगावयास नको. त्यांना आपण सारे गुरुजीच म्हणत असू. स्मरणिकेच्या निमित्ताने भरवावयाच्या प्रदर्शनासाठी ते घड्याळ आम्ही त्यांच्या पत्नींकडे मागितले. बाईंनी ते रुमालात गुंडाळून आमच्या हाती दिले आणि एकच अट घातली. "सर, घड्याळ चाललं नाही तरी चालेल, पण ह्यांच्या वस्तूला ओरखडा येऊ देऊ नका."

घड्याळ बंद होते. तालुक्याच्या व जिल्ह्याच्या गावी दोन कारागिरांना दाखविले. एकाने ते हातात घेऊन लगेच परत केले. दुसरा म्हणाला, झाकण कापावे लागेल. दोघांचाही आम्हांस राग आला नाही. घड्याळाचे मागचे झाकण साधारणतः दोन प्रकारचे असते. काही झाकणे दाबून बसविलेली असतात, ती पातळ सुरीने उचलतात. काही आट्यांची असतात, त्यांच्या खाचांत नेहमीच्या पान्याची टोके अडकवून ती फिरवितात. या झाकणाला ना सुरीपुरती फट, ना एकही खाच. त्याची कड दहा बाजूंची होती आणि ती कड जेमतेम दीड मिलिमीटर उंच. त्यांतील दोन कोपरे पूर्वी कोणीतरी पक्कड लावून बोथट करून ठेवले होते.

इतिहासाच्या माणसाला अशा वेळी वस्तूचे कूळ शोधल्याशिवाय चैन पडत नाही. तबकडीवर 'मिडो मल्टिफोर्ट' अशी अक्षरे होती. पाणी आत जाऊ न देणारे आणि मनगटाच्या हालचालीने आपोआप चावी घेणारे हे स्विस घड्याळ १९३४ पासूनचे. गुरुजींनी ते मुंबईत गिरणीत असताना जुन्या बाजारातून घेतले होते, असे बाईंनी सांगितले. या जातीच्या अनेक घड्याळांची पेटी जिनिव्हाच्या एका कारखान्यात घडत असे. फ्रांस्वा बोर्गेल यांनी आट्यांच्या घड्याळ-पेटीचे पेटंट १८९१ मध्ये घेतले. १९२४ मध्ये तो कारखाना टाउबर्ट कुटुंबाकडे आला आणि दहा बाजूंचे झाकण ही त्यांची ओळख झाली. असे झाकण त्याच मापाच्या दशकोनी पान्यानेच उघडावयाचे असते. तो पाना आपल्या भागात मिळणे शक्य नव्हते, तेव्हा तो घडविण्याचे ठरले.

या कामी आपला एक माजी विद्यार्थी धावून आला. तो औद्योगिक वसाहतीत लेथवर काम करतो. वर्गात तो आमचा फार लाडका नव्हता, हे सांगावयास हरकत नसावी. सनावळीपेक्षा खिळ्या-स्क्रूंत त्याला अधिक गोडी. त्याने व्हर्नियरने माप घेतले. दशकोनाच्या समोरासमोरच्या बाजू समांतर असतात, त्यामुळे माप सरळ घेता येते. ते २८ मिलिमीटर भरले. मग त्याने कागदावर आकडेमोड मांडली. कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचे अंतर साडेएकोणतीसच्या किंचित आत. म्हणजे २८ मिलिमीटरचे गोल भोक पाडल्यावर प्रत्येक कोपऱ्यात कानशीने काढावयाचा धातू पाऊण मिलिमीटरहूनही कमी. "सर, हा आकार गोलच आहे म्हणा ना," तो म्हणाला, "म्हणून तर पक्कड घसरते." कोपरे बोथट का झाले याचे इतके नेमके उत्तर आम्हांस दुसऱ्या कोणी दिले नव्हते.

पान्यासाठी त्याने सहा मिलिमीटर जाडीची पितळी पट्टी निवडली. झाकण पोलादाचे, झीज व्हावयाचीच तर पान्याची व्हावी. लेथवर भोक पडले, ३६ अंशांच्या खुणा झाल्या आणि पट्टी शेगड्यात अडकवून कानसकाम सुरू झाले. चार रविवार त्यात गेले. दोन-तीन घासे मारावयाचे, झाकणावर लावून पाहावयाचे, जिथे चमक दिसेल तिथे पुन्हा कानस. घाई केली की पाना सैल होणार, आणि सैल पाना पकडीसारखाच घातकी. दरम्यान आम्ही सागवानी ठोकळ्यात घड्याळापुरता खळगा कोरला. पट्ट्याचे चारही कान त्यात घट्ट बसावेत, चावीला जागा राहावी आणि काच कुठेही टेकू नये, एवढे पाहिले. रॉकेल सोडण्याचा सल्ला अनेकांनी दिला. ते यंत्रात झिरपेल म्हणून आम्ही तो मानला नाही.

पाचव्या रविवारी आम्ही दोन्ही तळव्यांनी पाना वरून दाबून धरला, कारण दीड मिलिमीटरची पकड उसळावयास वेळ लागत नाही. त्याने दांडा डावीकडे फिरविला. दोनदा काहीच झाले नाही. तिसऱ्या वेळी बारीकसा कर्र आवाज आला आणि झाकण सुटले. कडेवर नवा ओरखडा नव्हता.

झाकणाच्या आतल्या बाजूस कारखान्याचा शिक्का होता. त्यात किल्लीचे चित्र. त्याच्याभोवती, भिंगातून पाहिल्यावरच दिसतील अशी, सुईने कोरलेली बारीक अक्षरे. दुरुस्ती करणारे कारागीर आपली खूण व तारीख अशी आत कोरून ठेवतात. एका खुणेपुढे '३-५१' वाचता आले, दुसरीपुढे '११-६२'. या दोघांकडे दशकोनी पाना असलाच पाहिजे, कारण बोथट कोपरे सोडले तर त्यांच्या कामाचा बाहेरून मागमूस नाही. वर्षानुवर्षे आम्ही मुलांना ताम्रपट आणि शिलालेख शिकविले. त्या दुपारी मात्र नववीच्या वर्गाला रांगेने उभे करून आम्ही हे झाकण भिंगाखाली दाखविले. एका मुलीने विचारले, "सर, यांनी नाव का नाही लिहिलं?" आम्ही म्हणालो, त्यांनी ते पुढच्या कारागिरासाठी लिहिले होते, आणि त्याला तेवढे पुरे होते.

यंत्रात गंज नव्हता, तेल वाळून घट्ट झाले होते. झाकण उघडून मिळाल्यावर, कापावे लागेल म्हणणाऱ्या कारागिरानेच ते आनंदाने साफ करून दिले आणि आपली खूण तिसऱ्या ओळीत कोरली. पाना त्याने उसना मागितला आहे. तो शाळेच्या कार्यशाळेत टांगलेला आहे, नोंदवहीत सही करून न्यावा. घड्याळ दिवसाला चार मिनिटे पुढे जाते. चावीच्या दांड्याभोवतीचे बूच वाळून भुगा झाले होते, त्याला पर्याय सापडलेला नाही. त्यामुळे भांडी घासताना ते हातात घालू नये, असे बाईंना बजावून सांगितले आहे.